फायनल इयरचा प्रकल्प अंध व्यक्तींसाठी करायचाय? वऱ्हाडातल्या विद्यार्थ्यांसाठी माझा अनुभव

सातवं सेमिस्टर सुरू झालं की प्रकल्पाचे ग्रुप पडतात आणि त्यात एखादा तरी ग्रुप ‘अंधांसाठी स्मार्ट काठी’ हा विषय देतोच. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन केलं. आमचाही प्रकल्प अंध व्यक्तीसाठीच होता आणि आज नागपुरात एम्बेडेडचं (यंत्रांच्या आतल्या छोट्या संगणकांचं) काम करतोय, त्यात त्या वर्षाचा मोठा वाटा आहे. गावी गेलो की ज्युनिअर मुलंमुली विचारतात, दादा, हा विषय घ्यावा का? घ्यावाच. फक्त सेन्सर ठरवायच्या आधी माणूस ठरवा. कोणासाठी करतोय, तो सकाळी उठल्यापासून काय काय करतो, कुठे अडतो, हे कळल्याशिवाय पार्ट्सची ऑर्डर देऊ नका.

आधी काठीबद्दल बोलतो, कारण निम्मे ग्रुप तिथूनच सुरू करतात. पांढरी काठी जमिनीवरचं सगळं सांगते: खड्डा, पायरी, दगड, नाली. गुडघ्याच्या वर काय आहे ते मात्र तिला कळत नाही. नेमकी ही उणीव भरून काढणारी ‘स्मार्टकेन’ आयआयटी दिल्लीत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झाली आणि २०१४ मध्ये बाजारात आली. साध्या काठीच्या मुठीवर बसणारं यंत्र, त्यात अल्ट्रासॉनिक सेन्सर (कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा), अडथळा जवळ येईल तशी बदलत जाणारी थरथर. घरात १.८ मीटर आणि बाहेर ३ मीटर असे दोन टप्पे. विद्यार्थ्यांच्या कल्पनेपासून विकत मिळणाऱ्या वस्तूपर्यंत जायला त्यांना बरीच वर्षं लागली आणि त्या काळात अंध वापरकर्ते सतत सोबत होते. म्हणून तीच काठी एचसी-एसआर०४ (तसलाच तयार मिळणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर) आणि अर्डुइनो (शिकाऊ प्रकल्पांतली कंट्रोलरची पाटी) लावून पुन्हा बनवली तर बाहेरून आलेले एक्स्टर्नल परीक्षक विचारणारच, यात नवीन काय?

नवीन काय असू शकतं ते आपल्या गावात आहे. छातीच्या उंचीवर काय काय येतं ते बघा. सोडून ठेवलेल्या बंडीची धुरी, अंगणातली कपडे वाळवायची तार, बाहेर आलेला टिनाचा पत्रा, वाकलेली बाभळीची फांदी. आता यातलं सेन्सरला काय दिसतं? एचसी-एसआर०४ चा आवाज ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे लहरीची लांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. दोन मिलिमीटरची तार त्याला जवळजवळ दिसतच नाही. तिरपा पत्रा आवाज भलतीकडेच फेकतो. कुटाराचा ढीग, घरात रचलेला कापूस आवाज पिऊन टाकतात. आणि बिनकठड्याची विहीर तर समोर पाहणाऱ्या सेन्सरसाठी मोकळी जागाच! लॅबमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यासमोर घेतलेले रीडिंग रिपोर्टात छान दिसतात, त्यांच्यावर कोणाला चालायला लावू नका.

उन्हाचंही बघा. कोडमध्ये सहसा घातला जाणारा आवाजाचा ३४३ मीटर प्रति सेकंद हा वेग २० अंशांचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांना आवाज साधारण ३५९ मीटरने धावतो. कोडमध्ये ३४३ च ठेवला तर दोन मीटरवरची भिंत नऊ सेंटिमीटर जवळ दिसते. समोरच्या अडथळ्याला हे चालून जाईल. पण खाली तोंड करून खड्डा ओळखणारा सेन्सर लावला असेल तर थोड्या सेंटिमीटरांची चूकही म्हणजे पायरी आहे की नाही एवढा फरक. एक तापमान सेन्सर जोडा आणि ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान हे सूत्र कोडमध्ये घाला. दोन ओळींचं काम आहे.

माणूस कुठे शोधायचा? शाळकरी मुलांसाठी काही करायचं असेल तर वरोऱ्याजवळ आनंदवनात अंध विद्यालय आहे. मुख्याध्यापकांना आधी पत्र द्या आणि परीक्षेचे दिवस टाळून जा. पण मोठ्या, कमावत्या माणसाची अडचण समजून घ्यायची असेल तर आपलंच गाव बरं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, त्यामुळे ग्रामसेवकाकडे बहुधा यादी असते. आशाताईंना तर घरंच माहीत असतात. त्यांना सोबत घेऊनच जा. अनोळखी पोरं वह्या घेऊन दारात उभी राहिली की घरच्यांना वाटतं काही योजना आली, आणि मग खोटी आशा लागते. तुम्ही विद्यार्थी आहात, पैसे किंवा नोकरी देऊ शकत नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

या फेरीत आणखी एक गोष्ट होईल. ‘डोळ्यानं दिसत नाही’ म्हणून दाखवलेल्या आजीला कित्येकदा यंत्राची गरजच नसते. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षांवरील लोकांच्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला, आणि मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे. अशा आजीला जिल्हा रुग्णालयात किंवा सेवाग्रामला दाखवायला घरच्यांना तयार करा. प्रकल्पात त्याचे मार्क नाहीत, तरी करा.

आम्हाला भेटले ते काकाजी दारव्ह्याकडच्या एका गावात किराणा दुकान चालवतात. दृष्टी लहानपणीच गेलेली. आम्ही काठीचाच विषय काढला तर त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोट्टेहो, काठीचं मले काई अडत नाई. घरापासून दुकान, दुकानापासून देऊळ, पायाले रस्ता पाठ हाय. हा पैशाचा डबा बोलते ना, तसा हा काटा काऊन नाई बोलत?”

पैशाचा डबा म्हणजे यूपीआयचा साउंडबॉक्स. गिऱ्हाइकानं स्कॅन केलं की तो मराठीत रक्कम सांगतो, काकाजींना कोणाला विचारावं लागत नाही. काट्याचं मात्र उलट झालेलं. पूर्वी त्यांच्याकडे तागडी होती. दांडीचा काटा मधोमध आला की नाही ते बोटानं चाचपून कळायचं, वजनं हातानं ओळखू यायची. चाळीस वर्षं त्यांनी तसं माप दिलं. मग इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि आकडा काचेच्या आत गेला. तेव्हापासून पुतण्या शाळेत गेला की दुकान अर्धं बंद, किंवा गिऱ्हाईक सांगेल ते वजन खरं. नवीन यंत्रामुळे अंध माणसाचा हात कसा बांधला जातो, हे मी त्या दुकानात पाहिलं. टचस्क्रीनच्या प्रत्येक वस्तूचं तेच आहे. तुम्हाला विषय हवाच असेल तर अशा जागा शोधा: पूर्वी हाताला कळायचं आणि आता फक्त पडद्यावर दिसतं असं काय काय आहे? विषय संपणार नाहीत.

पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तो लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि एचएक्स७११ (त्याचा सिग्नल आकड्यात बदलणारी चिप) घेऊन आपलाच बोलका काटा बनवायचा. लॅबसाठी ठीक, दुकानासाठी नाही. व्यापारात वापरायचा काटा वैधमापन खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो आणि त्याचं सील फोडता येत नाही. आपण बनवलेल्या काट्यावर काकाजींनी साखर विकली असती तर दंड त्यांना झाला असता. म्हणून काट्याला हात न लावता बाहेरून ऐकायचं असं ठरलं. बऱ्याच काट्यांच्या मागे आरएस-२३२ चं (एकामागून एक डेटा पाठवणारं जुन्या पद्धतीचं) पोर्ट असतं, बिलाच्या प्रिंटरसाठी दिलेलं. त्यातून वजनाचा आकडा अक्षरांच्या रूपात सतत बाहेर पडत असतो. आधी यूएसबी-सिरीयल केबलनं लॅपटॉपला जोडून टर्मिनलमध्ये तो बघा. ९६०० बॉडला (बॉड म्हणजे डेटा पाठवायचा वेग) कचरा दिसला तर २४०० आणि १२०० करून पाहा. यंत्राचा मेंदू म्हणून वापरायच्या ईएसपी३२ कंट्रोलरला मात्र सरळ जोडू नका. आरएस-२३२ चे व्होल्टेज अधिक-उणे असतात आणि ईएसपी३२ चा पिन ३.३ व्होल्टचा. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ ची छोटी पाटी हवीच.

आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी हे छोटं ऑडिओ मॉड्यूल वापरलं. ते मायक्रोएसडी कार्डातली फाइल नंबरानं वाजवतं, ३ वॅटचा अॅम्प्लिफायर आतच असतो. त्याच्या आरएक्स (हुकूम घेणाऱ्या) तारेत एक किलोओहमचा रोध घाला, नाहीतर स्पीकरमध्ये कुरकुर येते. आता मराठी आकड्यांचं गणित समजून घ्या. इंग्रजीत वीसच्या पुढे ‘ट्वेंटी’ला ‘फाइव्ह’ जोडून भागतं. मराठीत एकोणपन्नास, त्रेपन्न, सत्याऐंशी हे जोडून बनत नाहीत, म्हणून एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकडा वेगळा रेकॉर्ड करावा लागतो. शिवाय शंभर, एकशे, दोनशे, किलो, ग्रॅम. आवाज कोणाचा हे काकाजींनी ठरवलं: नातीचा. दुपारी पंखा बंद करून आम्ही ते रेकॉर्ड केलं. ‘दोनशे’ हे पुढे काहीतरी येणार आहे अशा चढत्या सुरात म्हणवून घ्या आणि ‘ग्रॅम’ उतरत्या सुरात. ‘दोनशे’वरच सूर उतरला तर ऐकणाऱ्याला वाटतं वाक्य संपलं, आणि मागून आलेला ‘पंचेचाळीस’ त्याला गोंधळात टाकतो.

यापेक्षा महत्त्वाचं काकाजींच्या हाताकडे बघून कळलं. साखर ओतताना डाव्या हातात पिशवी, उजव्या हातात माप, आणि वजन क्षणाक्षणाला बदलत असतं. ‘दोनशे दहा ग्रॅम’ म्हणून होईपर्यंत साखर दोनशे साठवर जाते. बोलणं ओतण्यापेक्षा हळू आहे. तिथे शब्द नकोत, सूर हवा. एका बटणावर पाव, दुसऱ्यावर अर्धा, तिसऱ्यावर एक किलो. लक्ष्य जवळ येईल तसे बीप भराभर वाजतात आणि बरोबर झालं की एक लांब सूर. हात थांबला, लागोपाठचे काही रीडिंग सारखे आले, की मगच नातीचा आवाज आकडा सांगतो. इअरफोन लावायचा का, हा आमच्यात वादाचा मुद्दा होता. काकाजींनी साफ नाही म्हटलं. आकडा गिऱ्हाइकालाही ऐकू गेला पाहिजे, म्हणजे कोणी मागून संशय घेणार नाही. आणि त्यांचे कान तसेही मोकळे हवेत, दारात कोण आलं ते त्यांना पावलांवरून कळतं.

चाचणीबद्दल एक गोष्ट हट्टानं सांगतो. डोळ्यांना पट्टी बांधून मित्रांवर केलेली चाचणी रिपोर्टात लिहू नका. पट्टी बांधलेला विद्यार्थी पाच मिनिटांपूर्वी अंध झालेला असतो, तो घाबरतो, त्याला प्रत्येक गोष्ट यंत्रानं सांगायला हवी असते. काकाजींसारख्या माणसाचं कान, पाय आणि बोटांचं शिक्षण आयुष्यभराचं आहे. त्यांना कमी बोलणारं यंत्र आवडतं. आमच्या यंत्राची निम्मी वाक्यं त्यांनीच काढायला लावली. खऱ्या वापरणाऱ्याकडून चाचणी घ्या, त्यांची परवानगी घेऊन, फोटो छापायचा तर तोही विचारून.

आपल्याकडे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचं नाव सगळे आदरानं घेतात. तान्हेपणी दृष्टी गेली आणि ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. त्याच गावांत अंध दुकानदाराच्या काट्यावर मात्र शंका घेतली जाते. तुमच्या प्रस्तावात ‘बिचारे’, ‘दुर्दैवी’ असले शब्द येऊ देऊ नका. काकाजींना कीव नको होती, आकडा हवा होता.

आधीच काय उपलब्ध आहे तेही तपासा. नोट ओळखणारं यंत्र हा दुसरा आवडता विषय, पण रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ अॅप १ जानेवारी २०२० पासून आहे आणि ते इंटरनेटशिवाय चालतं. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा प्रोग्रॅम फुकट आहे. अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी सोय) सुरू करून, पडदा झाकून, स्वतः एक मेसेज पाठवून बघा. प्रकल्पासोबत अॅप करणार असाल तर त्याचं प्रत्येक बटण टॉकबॅकला वाचता आलं पाहिजे. नोकरीच्या मुलाखतीत मला सर्किटपेक्षा जास्त प्रश्न याच गोष्टींवर आले: वापरणाऱ्यानं काय नाकारलं, का नाकारलं, तुम्ही काय बदललं. त्यामुळे भेटीच्या दिवशीच वही लिहा, तारखेसकट, आणि त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत.

वीज जाते हे धरूनच चला. १८६५० चा सेल (पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) आणि चार्जिंगची पाटी घाला. पॉवर बँक सोपी वाटते, पण यंत्र कमी करंट ओढत असलं की अनेक पॉवर बँका आपोआप बंद पडतात, आणि बंद पडलेलं यंत्र अंध माणसाला दिव्यावरून कळत नाही. बॅटरी उतरतेय हेही आवाजातच सांगा.

शेवटचं सेमिस्टर संपलं की तुम्ही पुण्याला जाल, यंत्र तिथेच राहील. म्हणून सगळे पार्ट सॉकेटवर बसवा, थेट सोल्डर करू नका. आम्ही दारव्ह्यातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला सर्किटचा कागद दिला, कोड पेनड्राइव्हवर दिला, आवाजांचं दुसरं कार्ड भरून काकाजींच्या गल्ल्यात ठेवलं आणि कार्ड कसं बदलायचं ते त्यांच्या नातीकडून आमच्यासमोर करून घेतलं. हे सगळं व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) आधी उरका, कारण व्हायव्हा झाल्यावर ग्रुपमधला प्रत्येक जण वेगळ्या गावी निघून गेलेला असतो.