दारात कुणी मदत मागायला आलं की

ऐरोलीतल्या आमच्या घरातून रोज बावीस डबे जातात. डबे करणाऱ्या बाईकडे लोक उसने पैसेही मागतात, हे धंद्यात पडल्यावर कळलं. त्यात गळ्यात क्रूस. ही बाई नाही म्हणणार नाही, असं समोरच्यानं आधीच धरलेलं असतं.

चार वर्षांपूर्वी मी नाही म्हटलंही नव्हतं. आमच्याकडे जेवणारा एक मुलगा, मला मावशी म्हणायचा. बाइकच्या कर्जाला जामीन राहा म्हणाला, मी सही केली. दोन हप्ते भरून तो गायब. पुढचे मी भरले, पोळ्या लाटून. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नकोस, नाहीतर अंगाखालचं अंथरूण जाईल, हे बायबलमधलं नीतिसूत्रे 22:26-27 मी लहानपणी चर्चच्या शब्बाथ शाळेत पाठ म्हणून बक्षीस मिळवलं होतं! बक्षीस होतं पेन्सिलचा डबा.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते.

आधी माणसाला बसवा, पाणी द्या. मग विचारा: पैसे नेमके कुणाला द्यायचेत, कधीपर्यंत, आणि घरी कुणाला माहीत आहे? आवाज पोलिसासारखा नको. खरा गरजू लाजेनंही अडखळतो, म्हणून अडखळला की खोटा, असं समजू नका. घाई करणाऱ्याकडे मात्र लक्ष ठेवा. ‘आत्ताच्या आत्ता द्या, कुणाला सांगू नका’ म्हटलं की मी गॅस बंद करून नीट ऐकायला बसते.

पैसे हातात देण्यापेक्षा जिथे लागणार आहेत तिथे भरा. बायबलमध्ये लूकच्या दहाव्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी बघा, वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या अनोळखी माणसाला मदत करणारा. जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणलं, रात्रभर सांभाळलं. सकाळी दोन दिनार दिले ते उतारशाळेच्या मालकाला, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर जास्त लागलं तर परत येताना देतो म्हणाला आणि स्वतःच्या वाटेला लागला. स्वतःचा प्रवास त्यानं मोडला नाही, हे मला फार उशिरा दिसलं. दिघ्याची एक बाई औषधाची चिठ्ठी घेऊन आली, तेव्हा मी तिच्याबरोबर केमिस्टकडे गेले. 640 रुपये झाले. येताना तिनं माझी भाजीची पिशवी उचलली.

फोनवरची मागणी वेगळी. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोटो लावून अनोळखी नंबरवरून ‘मी मीटिंगमध्ये आहे, दहा हजार पाठवा’ असं आलं, तर त्यांच्या जुन्या नंबरवर फोन करा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा, लाजत बसू नका.

नाही म्हणायचं तर अर्धवट म्हणू नका. ‘बघते, उद्या ये’ म्हणून माणसाला चार चकरा मारायला लावणं मला फसवणुकीइतकंच वाईट वाटतं. मी सांगते, ‘पैसे नाही देणार बाळा, पण आठवडाभर डबा ने.’ आणि त्याची अडचण महिला मंडळात ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून नावानिशी मांडू नका. प्रार्थना पाच मिनिटं होते, चर्चा पार जिन्यापर्यंत.

गेल्या नाताळाआधी त्या मुलाचा फोन आला. परत ऐरोलीत आलोय, मावशी, डबा मिळेल का? हप्त्यांचं दोघांनीही काढलं नाही. मी महिन्याचे पैसे आगाऊ मागितले, त्यानं पाठवले. पहिल्या दिवशी वांग्याची भाजी होती, त्याला आवडते. दोन पोळ्या जास्त ठेवल्या.