सात आखाडे, सात नियम: पोकेमॉनच्या बॅटल फ्रंटियरमधल्या या चुका टाळा

"मामा, माझी टीम तर एक नंबर आहे. मंग मी काहून हरून रायलो?"

हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की विचारणारा बोलायला लागताच कळतं, हा अरीनातून मार खाऊन आलाय की पॅलेसमधून. मानेवाड्याचा भाचा असो, नाहीतर धरमपेठेत चहाच्या टपरीवर भेटणारी कॉलेजची पोरं असोत, चूक बहुतेक तीच असते. टीम चांगलीच असते. पण ज्या आखाड्यात उतरतोय तिथला नियम कोणी धड वाचलेला नसतो. काउंटरवरची बाई नियम सांगत असते आणि आपला अंगठा ए बटणावर टकटक करत असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोकेमॉन एमराल्ड हा खेळ जपानमध्ये २००४ साली आला, बाकी जगात २००५ मध्ये. कथेच्या शेवटी असलेल्या एलिट फोर आणि चॅम्पियनला हरवलं की बोटीने एका बेटावर जाता येतं, तेच बॅटल फ्रंटियर. तिथे सात इमारती आहेत: टॉवर, डोम, पॅलेस, अरीना, फॅक्टरी, पाइक आणि पिरॅमिड. प्रत्येकीचा एक प्रमुख, त्याला फ्रंटियर ब्रेन म्हणतात. त्याला एकदा हरवलं की रुपेरी चिन्ह, पुढे जाऊन पुन्हा हरवलं की सोनेरी. असे चौदा विजय मिळाले की खेळ खऱ्या अर्थाने संपतो. पण प्रत्येक इमारतीत लढाईचा कायदा वेगळा, आणि पोरं मात्र टॉवरमध्ये चाललेली टीम उचलून सातही ठिकाणी नेतात.

टॉवरची टीम अरीनात नेणे

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त रडारड इथलीच ऐकतो.

अरीनात टीममधले तिघं ज्या क्रमाने लावले त्याच क्रमाने उतरतात. मध्ये बदलता येत नाही. समोरासमोर आलेल्या जोडीला फक्त तीन फेऱ्या मिळतात. तेवढ्यात कोणी पडलं नाही तर पंच निकाल देतो, आणि हरलेला बाद धरला जातो, त्याच्यात कितीही जीव उरला असला तरी. कुस्तीत चीतपट झाली नाही तर गुण मोजतात, तसंच हे. गुण तीन गोष्टींचे: मन, कौशल्य, शरीर. एकेका गोष्टीत सरस ठरणाऱ्याला २ गुण, बरोबरी झाली तर दोघांना १-१. मन म्हणजे तुम्ही हल्ला करायची वृत्ती दाखवली का. कौशल्य म्हणजे तुमचे डाव लागले का, की चुकले आणि वाया गेले. शरीर म्हणजे ही जोडी भिडली तेव्हा जेवढा एचपी, म्हणजे जीव, होता त्यातला किती टक्के उरला.

आता भाच्याची गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत तो माझ्याकडे राहायला आला होता. दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून आम्ही दोघं कूलरसमोर चटईवर पडलेलो, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास आणि पंपाची घरघर. अरीनात तो सत्तावीस लढती सलग जिंकला. अठ्ठाविसाव्या लढतीला तिथली प्रमुख, ग्रेटा, स्वतः उतरते. तिचा हेराक्रॉस गेला, अंब्रियन गेला, पोराचेही दोन गेले. उरला त्याचा स्वॅम्पर्ट, आणि समोर आला शेडिंजा.

शेडिंजाचा एचपी फक्त १. पण त्याला वंडर गार्ड आहे, म्हणजे त्याच्यावर भारी पडणाऱ्या प्रकाराचाच हल्ला लागतो: आग, उडणारे, खडक, भूत किंवा काळोख. स्वॅम्पर्टकडे होते अर्थक्वेक, सर्फ, आइस बीम आणि प्रोटेक्ट. चारांतलं एकही कामाचं नाही. पोराने पहिल्या फेरीत सर्फ मारला, काहीच झालं नाही. मग घाबरला. टॉवरमध्ये घाबरल्यावर तो प्रोटेक्ट दाबतो, ती सवयच लागलेली. मी ओरडलो, "प्रोटेक्ट नको बे!" पण बटण दाबून झालं होतं. तिसऱ्या फेरीत आइस बीम, तोही वाया.

पंचाची शिट्टी झाली. मन: प्रोटेक्ट, डिटेक्ट, एंड्युअर या डावांनी तिथे गुण कापले जातात, म्हणून गेलं. कौशल्य: न लागणाऱ्या हल्ल्यांनी तेही गेलं. शरीर: स्वॅम्पर्टला थोडं खरचटलं होतं, शेडिंजाचा एकातला एक एचपी जागेवर, म्हणजे शंभर टक्के. तिन्ही गेलं. अर्ध्याहून जास्त एचपी असलेला स्वॅम्पर्ट बाद, आणि सत्तावीस विजयांची मालिका शून्यावर. पोरगं अर्धा तास बोललं नाही. आईने दिलेलं आंब्याचं पन्हंही त्याने तसंच ठेवलं.

पहिल्या जिमच्या रॉक्सानला हरवल्यावर डाव शिकवणारं जे टीएम ३९ मिळतं, खडक प्रकारचा रॉक टूम, ते त्याच्या बॅगेत खेळाच्या सुरुवातीपासून न वापरता पडून होतं. संध्याकाळी आम्ही ते स्वॅम्पर्टला शिकवलं, प्रोटेक्ट काढून. रॉक टूम दहात दोनदा चुकतो, ते मला ठाऊक आहे, तरी न लागणाऱ्या चार डावांपेक्षा कधीतरी चुकणारा एक बरा. सुट्टी संपायच्या आत त्याने रुपेरी चिन्ह घेतलं.

माझी अरीनातली सवय अशी: प्रत्येकाकडे किमान तीन हल्ले, तीन वेगळ्या प्रकारांचे. विष देऊन वाट बघणारी टीम तिथे नेऊच नये, तीन फेऱ्यांत विष काय करणार? आणि जो सगळ्यात जास्त जणांवर भारी पडतो तो पहिला, कारण क्रम नंतर हलत नाही.

लेव्हल ५० चा दरवाजा स्वतःच बंद करून घेणे

एमराल्डमध्ये लेव्हल ५० च्या स्पर्धेत ५० किंवा त्याखालचेच चालतात. पुढच्या काळातल्या खेळांत वरची लेव्हल आपोआप ५० धरली जाते, इथे तसं नाही. ५१ झाला की त्या दारातून आयुष्यात आत जाता येत नाही, कारण लेव्हल कमी करायची सोयच नाही. मग उरतो ओपन लेव्हल, आणि तिथे समोरचे कमीत कमी ६० चे. कथा संपवायच्या नादात लाडक्यांना ६५-७० पर्यंत नेलेली पोरं इथे येऊन अडकतात. फ्रंटियरसाठी वेगळे तिघं वाढवा आणि ५० ला थांबा.

थांबायला सांगितलं की लगेच प्रश्न येतो, "रेअर कँडीने पटकन ५० करू का?" करू नका, निदान सुरुवातीपासून तरी नाही. रेअर कँडीने लेव्हल वाढते, पण लढून मिळणारे प्रयत्नांचे गुण, ज्याला सगळे ईव्ही म्हणतात, ते मिळत नाहीत. एका पोकेमॉनला एकूण ५१० ईव्ही घेता येतात, एका क्षमतेत २५५ पर्यंत, आणि लेव्हल १०० ला दर ४ ईव्हीमागे १ गुण वाढतो. म्हणजे वेग पूर्ण भरलेला आणि कँडीवर वाढलेला यांच्यात ६३ गुणांचं अंतर. लेव्हल ५० ला ते साधारण निम्मं. टॉवरमध्ये एका गुणाने आधी मारता येतं आणि एका गुणाने मार खावा लागतो, तिथे तीस गुण म्हणजे केवढे! आधी हव्या त्या रानटी पोकेमॉनशी लढून ईव्ही भरा, मग वरच्या लेव्हल कँडीने चढवल्या तरी माझी हरकत नाही. टॉवरमध्ये सेव्ह होताना वीज तोडून कँडी दुप्पट करायची युक्तीही पोरं एकमेकांना शिकवतात. ते करताना सेव्ह उडालेली मी डोळ्यांनी पाहिलीय. मी कोणाला शिकवत नाही.

पॅलेसमध्ये स्वभाव न बघणे

पॅलेसमध्ये तुम्ही डाव निवडत नाही. पोकेमॉन स्वतःच्या स्वभावाप्रमाणे लढतो, तुमच्या हातात फक्त कोणाला बदलायचं एवढंच. प्रत्येक स्वभावाची ओढ वेगळी: हल्ला, बचाव किंवा मदतीचे डाव. आणि एचपी अर्ध्याखाली गेला की बऱ्याच स्वभावांची ओढ बदलते, तेव्हा डोळ्यांत चमक आल्याचा संदेश दिसतो. तो संदेश आला की बदलायचं की ठेवायचं हे त्याच क्षणी ठरवावं लागतं.

लोक टॉवरमधला अॅडमंट स्वभावाचा हाणामारीवाला तसाच आणतात आणि मग तो उभ्या उभ्या फेरी घालवतो म्हणून चिडतात. त्याच्या मनात बचाव आला आणि बचावाचा डावच नसेल तर तो बिचारा करणार काय? मी इथे हार्डी स्वभावाचे शोधून वाढवतो, कारण ते भरलेले असोत की अर्धमेले, हल्ल्याकडेच झुकतात. पॅलेसचा प्रमुख स्पेन्सर याचा स्लेकिंग समोर आला की या फरकाची किंमत कळते.

बंद करताना विश्रांती न घेणे

ही माझी स्वतःची गोष्ट आहे आणि अजून आठवली की दुखतं.

टॉवरमध्ये सात-सात लढतींचे गट असतात, आणि पस्तिसाव्या लढतीला तिथली प्रमुख अनाबेल येते. माझे तेहतीस विजय झाले होते. जून उजाडला तरी पाऊस नव्हता, रात्री साडेदहाला आमच्या भागातली वीज गेली. गेम बॉय अॅडव्हान्स एसपीचा दिवा हिरव्याचा लाल झालेला. प्रत्येक लढतीनंतर ती बाई विचारते, पुढे जायचं, की विश्रांती घ्यायची? मला वाटलं, दोनच तर उरल्यात. चौतिसावी सुरू केली. लॅटिओस समोर उभा होता, माझी स्टारमी त्याच्यावर आइस बीम मारणार, आणि पडदा काळा झाला.

वीज पहाटे आली. चार्जर लावून चालू केलं तर काउंटरवरच्या बाईने शांतपणे सांगितलं की मागच्या वेळी नोंद न करता बंद केलंत, म्हणून स्पर्धेतून बाद. तेहतीस विजय गेले. नियम तो नियम, तिने काही वेगळं करायला नको होतं. लाल दिवा दिसत असताना पुढे गेलो, ही चूक माझी.

तेव्हापासून दर लढतीनंतर मी एकदा दिव्याकडे बघतो. उन्हाळ्यात नागपुरात खेळत असाल तर संध्याकाळी पूर्ण चार्ज केल्याशिवाय मालिकेला हात लावू नका. आणि हो, चालू करताना आतली बॅटरी संपल्याचा संदेश आला तर घाबरू नका. एमराल्डमध्ये ती बॅटरी फक्त घड्याळासाठी आहे, सेव्ह तिच्यावर टिकत नाही. त्या संदेशापायी एका पोराने चांगलं कार्ट्रिज फुकटात देऊन टाकलेलं मला माहीत आहे.

बाकीच्या

एकच वस्तू दोघांच्या हातात देऊ नका, दारातूनच परत पाठवतात. एकाच जातीचे दोन चालत नाहीत, आणि ग्राउडन, क्योगर, रेक्वाझा यांना आत येऊच देत नाहीत.

डोममध्ये समोरच्याचे तिघं आधी दाखवतात आणि तुम्ही तिघांतले दोन निवडता. ते कार्ड उघडून न बघता खेळणाऱ्याला मी सल्ला देत नाही.

फॅक्टरीत पोकेमॉन भाड्याचे, सहांतून तीन. नावाला भुलू नका, डाव वाचा. जिंकल्यावर समोरच्याचा एक बदलून घेता येतो, तो घेताना पुढच्या प्रतिस्पर्ध्याबद्दल शास्त्रज्ञ काय सांगतोय ते आधी ऐका. मी प्रकारांचा तोल बघून बदलतो, ताकद बघून नाही.

पाइकमध्ये एका फेरीत चौदा खोल्या, आणि प्रत्येक वेळी तीन दारं. तिथली बाई एकाच दाराबद्दल इशारा देते, बाकी दोन आंधळीच. बरं करायची खात्री नाही, म्हणून विष-लकव्यासारखे त्रास घालवणारी लम बेरी आणि बदलल्यावर आपोआप बरी होणारी नॅचरल क्यूरवाली स्टारमी मी तिथे हमखास नेतो. सोनेरीसाठी १४० खोल्या लागतात, घाईत असलेल्याने दुसरीकडे जावं.

पिरॅमिडमध्ये शिरताना पोकेमॉनच्या हातात काही असून चालत नाही, आणि आत अंधार. नवखे लढाई टाळत जिना शोधतात आणि अंधारातच फिरत राहतात. उलट करा. ट्रेनर दिसला की भिडा. एकेक हरवला की तुमच्याभोवतीचा उजेड वाढतो, आणि हरलेला माणूस जिना कुठल्या दिशेला आहे तेही बरेचदा सांगून जातो.