वॉशिंग मशीनचा ड्रम फिरेनासा झाल्यास मोटरचे कार्बन कसे बदलावेत

कोल्हापुरात पाऊस लागला की कपडे वाळवणे हेच घरातले मोठे काम होऊन बसते, आणि आमच्या घरी नेमक्या त्याच दिवसांत पुढे दार असलेले वॉशिंग मशीन पाणी भरून घेऊन क्षणभर घुमायचे आणि ड्रम न फिरवताच थांबायचे. पाहायला आलेल्या मेकॅनिकने दोन मिनिटांत ‘मोटर गेली’ असा निकाल दिला आणि नव्या मोटरचा आकडा सांगितला. प्रत्यक्षात मोटर धडधाकट होती. झिजले होते ते तिच्यातले बोटाच्या पेराएवढे दोन कार्बन ब्रश. मिक्सरचे कार्बन गेले म्हणून आपण मिक्सर टाकून देत नाही, जोडी आणून बदलतो. येथेही काम तेच आहे, फक्त त्यासाठी मशीनच्या पाठीमागे जावे लागते.

हे काम सगळ्या मशीनना लागू नाही. ज्या मशीनवर इन्व्हर्टर मोटर किंवा डायरेक्ट ड्राइव्ह असे लिहिलेले असते, त्यांत कार्बन नसतातच. सेमी ऑटोमॅटिक आणि वरून कपडे टाकण्याच्या बहुतेक मशीनमधल्या मोटरलाही ते नसतात. पट्ट्यावर (बेल्टवर) चालणाऱ्या, जरा जुन्या धाटणीच्या फ्रंट लोड मशीनमध्ये मात्र ते असतात. मोटरच्या फिरत्या भागावर तांब्याच्या पट्ट्यांचे एक कडे असते, त्याला कम्युटेटर म्हणतात. दोन्ही बाजूंनी स्प्रिंगच्या दाबाने त्यावर टेकलेले कार्बन त्या फिरत्या भागाला वीज पोहोचवतात. ड्रम मिनिटाला 1000 फेरे घेतो तेव्हा मोटर त्याच्या दहापटीच्या आसपास फिरत असते, त्यामुळे पेन्सिलीच्या शिशासारखा मऊ कार्बन झिजणे अटळच असते.

कार्बन संपत आल्याची लक्षणे हळूहळू दिसू लागतात. थोडे कपडे असताना मशीन चालते आणि चादरी टाकल्या की अडते, पिळताना वेग पकडत नाही, जळकट वास येतो किंवा मागच्या फटीतून ठिणग्या दिसतात. काही ब्रशच्या पोटात स्प्रिंग लावलेली बारीक पिन असते; ठरावीक मर्यादेपर्यंत झीज झाली की ती बाहेर येऊन कार्बनला कम्युटेटरपासून उचलून धरते, त्यामुळे तांबे खरवडले जात नाही, पण कालपर्यंत चालणारे मशीन आज एकाएकी थांबते. तरीही ड्रम हाताने फिरवून पाहावा. तो नेहमीपेक्षा फारच हलका लागला तर पट्टा निसटलेला असण्याचा संभव अधिक. हमीचे कार्डही आधी पाहावे, कारण मोटरची हमी बाकी असेल तर मशीन स्वतः उघडू नये.

काम सुरू करताना नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग सॉकेटमधून काढावा आणि दहा मिनिटे थांबावे. नळ बंद करून पुढच्या फिल्टरमधून उरलेले पाणी काढून टाकावे. आत काँक्रीटचे वजन बसवलेले असल्यामुळे मशीन बरेच जड असते, तेव्हा ते सरकवायला दोन माणसे लागतात. मागचा पत्रा काढल्यावर सर्वांत आधी मोबाइलवर फोटो घ्यावा. मग मोठी पुली हाताने फिरवत पट्टा बाजूला ओढून उतरवावा, मोटरचा वायरींचा जोड खटका दाबून सोडवावा आणि बोल्ट काढावेत. 10-11 आणि 12-13 चे पाने जवळ असले की बहुतेक ठिकाणी काम भागते. मोटर दिसते त्यापेक्षा जड असते, म्हणून शेवटचा बोल्ट काढताना तिला खालून हात द्यावा. शाफ्टच्या टोकाला वेग मोजणारी छोटी कॉइल असते, तिला धक्का लागू देऊ नये.

मोटर वर्तमानपत्रावर ठेवून ब्रश काढावेत. काहींचे घर दोन स्क्रूंवर बसवलेले असते, काहींत पितळी पत्र्याची पट्टी उचलली की ब्रश बाहेर येतो. आमच्या मशीनमधला एक कार्बन जेमतेम 8 मिमी उरला होता आणि दुसरा जवळजवळ दुप्पट होता. झीज अशी असमान असते, तरी दोन्ही एकदमच बदलावेत. साधारण दीड सेंटीमीटरपेक्षा कमी उरले असल्यास बदलण्याची वेळ आली असे समजावे. काढलेला ब्रश खिशात घालूनच दुकानात जावे. बहुतेक कार्बन 5 मिमी जाड आणि साडेबारा किंवा साडेतेरा मिमी रुंद असतात, आणि त्या एका मिलिमीटरच्या फरकाने ब्रश एक तर घरात अडकतो नाहीतर खुळखुळतो. मिक्सरचे कार्बन घासून बसवण्याचा उद्योग करू नये.

खरे लक्ष द्यायचे ते कम्युटेटरकडे. तांबूस तपकिरी, एकसारखी चकाकी असेल तर त्याला हात लावण्याची गरज नाही. काळा थर असल्यास 600 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी त्यावर धरून शाफ्ट हाताने फिरवावा. त्यासाठी एमरी कापड वापरू नये, कारण त्याचे कण पट्ट्यांमधल्या खाचांत अडकून वीज वाहू शकतात. त्या खाचांतली काळी भुकटी टूथब्रशने झाडावी, तोंडावर रुमाल बांधून आणि घराबाहेर. ही भुकटी पावसाळी दमटपणात ओली झाली की घरातला लिकेजचा, म्हणजे विजेची गळती झाल्यास वीज तोडणारा, ब्रेकरही पडू शकतो. तांब्यावर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर कागदाने काही साधत नाही. फिरता भाग लेथवर धरून हलका कट घ्यावा लागतो आणि तांब्याच्या पट्ट्यांमध्ये वीजरोधक म्हणून भरलेला अभ्रक पुन्हा तांब्याच्या पातळीखाली घ्यावा लागतो. त्या कामासाठी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत गाठावी. मोटरच्या कामात मुरलेला कारीगर मात्र विचारूनच निवडावा.

नव्या ब्रशचे टोक तिरके किंवा किंचित गोलाईत घासलेले असते. ती गोलाई कम्युटेटरच्या गोलाईशी जुळली पाहिजे; पहिल्या खेपेस मी एक ब्रश उलटा बसवला आणि मोटर चणे भाजल्यासारखी तडतडली. ब्रश घरात बोटाने दाबला असता स्प्रिंगने मोकळेपणाने परत आला पाहिजे. नंतर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. किंचित टकटक चालेल, अडकणे चालणार नाही. जवळ मल्टीमीटर असल्यास दोन्ही ब्रशच्या टोकांमध्ये काही ओहम दिसतात का ते तपासावे. काहीच दिसले नाही तर एखादा कार्बन टेकलेला नाही असे समजावे.

मोटर परत बसवताना पट्ट्याच्या आतल्या बाजूला भेगा दिसल्या तर तोही याच वेळी बदलावा. त्यावरच छापलेला क्रमांक पाहून नवा घ्यावा. बसवताना पट्ट्याच्या धारा पुलीच्या खाचांत नीट मधोमध आल्या आहेत याची खात्री करावी आणि पुली हाताने चार वेढे फिरवावी. पत्रा लावल्याशिवाय प्लग घालू नये.

पहिली धुलाई कपड्यांशिवाय, थंड पाण्यावर आणि कमी वेगाच्या पिळण्यावर घ्यावी. कार्बनचे टोक कम्युटेटरवर बसेपर्यंत थोडा वास आणि बारीक ठिणग्या येतात, पण कम्युटेटरभोवती ठिणग्यांचे अख्खे कडे दिसले तर लगेच बंद करून ब्रश पुन्हा तपासावेत. पुढच्या चार-पाच धुलायांत अर्धेच कपडे टाकावेत आणि चादरी, सोलापुरी चटया त्यानंतरच घालाव्यात.