गाढववाला सिंपसन: ही गोष्ट सांगताना या चुका टाळा

२५ एप्रिलचा अँझॅक डे, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मरणदिन, जवळ आला की ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांतही मुलांचे शाळेचे प्रकल्प सुरू होतात. अनेक मुलं सिंपसनला निवडतात. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या घळीतून जखमी सैनिकांना गाढवावर बसवून खाली किनाऱ्यावर आणणारा तो हा माणूस. गोष्ट सोपी वाटते, म्हणून आईबाबा पटकन मदतीला बसतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. त्याच्याबद्दल चुकीचं लिहिलेलं दिसलं की वाईट वाटतं.

पहिली अडचण नावाची. जन्माची नोंद ‘सिंपसन’ नावाने शोधाल तर हाती काही लागणार नाही आणि लष्करी कागद ‘कर्कपॅट्रिक’ नावाने शोधाल तरीही तेच. त्याचं पूर्ण नाव जॉन सिंपसन कर्कपॅट्रिक. ६ जुलै १८९२ रोजी ईशान्य इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्स या बंदराच्या गावी तो जन्मला. १९०९ मध्ये वडील गेले आणि तो जहाजावर कामाला लागला. मे १९१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यूकॅसल बंदरात त्याने जहाजावरून पळ काढला. १९१४ मध्ये सैन्यात जाताना त्याने कर्कपॅट्रिक हे आडनाव गाळलं आणि नुसतं जॉन सिंपसन लिहिलं. सिंपसन हे आईचं माहेरचं आडनाव. जहाज सोडून पळाल्याचं उघडकीला येऊ नये म्हणून त्याने असं केलं असावं, असा सर्वसाधारण तर्क आहे. त्यामुळे लष्करी नोंद शोधताना ‘सिंपसन’ आणि सैनिक क्रमांक २०२ हे दोन्ही हाताशी ठेवा. स्थलांतरित सैनिक वेगळ्या नावाने भरती झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. अशा वेळी कागदावरचं आईचं नाव आणि गाव जुळतं का ते आधी बघा.

न्यूकॅसलवरूनही गोंधळ होतो. साउथ शील्ड्स इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जवळ आहे, आणि तो उतरला ते न्यूकॅसल न्यू साउथ वेल्समधलं. नकाशावर दोन वेगळ्या खुणा करा. आईवडील मूळचे स्कॉटिश, म्हणून सोबती त्याला ‘स्कॉटी’ म्हणत. जन्माने ऑस्ट्रेलियन मात्र तो नव्हता.

‘देशासाठी धावून गेला’ हे वाक्यही जपून वापरा. चार वर्षं तो ऊसतोड, कोळशाची खाण, जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणं असं मिळेल ते काम करत राहिला आणि आईला पैसे पाठवत राहिला. सैन्यात गेलो तर फुकटात इंग्लंडला, आईकडे पोचू, ही आशा भरतीमागे होती. पण तुकडी इजिप्तमध्येच उतरवली गेली. इंग्लंडमधल्या कामकऱ्यांच्या हालांबद्दलची त्याची चीड पत्रांत स्पष्ट दिसते. पुढे गौरवकथा लिहिताना असा मजकूर गाळला गेला. तुम्ही तो गाळू नका, कारण खरा माणूस तिथेच भेटतो.

आता आकडा. ‘त्याने ३०० जणांना वाचवलं’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो २५ एप्रिलला उतरला आणि १९ मे रोजी मशीनगनच्या माऱ्यात मारला गेला. म्हणजे एकही दिवस न चुकता रोज किमान बारा जण. शिवाय गाढवावर बसवता येत ते मुख्यतः पायाला जखम झालेले. अशी कुठलीही मोजणी त्या वेळी ठेवलेली नव्हती. ‘अनेक जखमींना’ एवढंच लिहा. गाढवही एकच नव्हतं. मर्फी, डफी, अब्दुल अशी वेगवेगळी नावं सापडतात आणि सोबती सिंपसनलाही ‘मर्फी’ म्हणत.

मुखपृष्ठावर लावलं जाणारं ते प्रसिद्ध चित्र त्याचं नाहीच. होरेस मूर-जोन्स यांनी एका छायाचित्रावरून ते रंगवलं. त्या छायाचित्रात आहेत न्यूझीलंडचे रिचर्ड हेंडरसन. तेही गाढवावरून जखमी नेत असत.

व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च पदक, त्याला मिळाला नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लष्करी सन्मानांच्या न्यायाधिकरणाने पुन्हा तपासणी करूनही तशी शिफारस केली नाही.

सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट आपली आहे. सिंपसन आपल्या तुकडीबरोबर राहत नव्हता. २१ व्या कोहाट माउंटन बॅटरीच्या भारतीय जवानांच्या तळावर, त्यांच्या खेचरांशेजारी तो राहायचा आणि त्यांच्याच पंगतीला जेवायचा. डोंगरी तोफांचे सुटे भाग वाहायला खेचरं, म्हणून दाणावैरण आणि जनावरांची जाण असलेली माणसं तिथे होती. लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर गाढवं हाकलेला हा पोरगा तिथे रमला. मात्र अभिमानाच्या भरात त्यांना मराठा पलटण म्हणू नका. ते मुख्यतः शीख आणि पंजाबी मुसलमान होते. ते त्याला ‘बहादूर’ म्हणत. प्रकल्पात हा शब्द देवनागरीतच लिहू द्या.

शेवटी थडग्याचा फोटो लावायचा असेल तर तो गॅलिपोलीच्या बीच सिमेटरी या दफनभूमीतला घ्या. त्या दगडावर कर्कपॅट्रिक हे खरं आडनाव आहे आणि ज्या नावाने तो लढाईवर गेला ते सिंपसनही. मृत्यूसमयीचं वय लिहिलं आहे २२.