डिसोझा आडनावाचा शोध लिस्बनपासून सुरू करू नका

"आमचा मूळ पुरुष पोर्तुगालचा," असं वसईतल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या डिसोझाने सांगितलं की मी आधी विचारतो, गाव कुठलं?

आडनाव युरोपातलं आहे, यात वाद नाही. सौझा ही उत्तर पोर्तुगालमधली नदी, तिच्यावरून ते पडलं. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, परेरा म्हणजे नासपतीचं झाड. पण गोवा १५१० मध्ये आणि वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेल्यावर बाप्तिस्मा घेणाऱ्याला जे आडनाव मिळालं, ते बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघतात आणि शेजारच्या गावातले दोन डिसोझा एकमेकांचे कुणीच नसतात. म्हणून आडनावाच्या मागे धावू नका. घर आणि गाव धरा. गोव्यात घराणं कोमुनिदादचं, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचं, गावकार (वंशपरंपरागत सभासद) असेल तर वांगड, म्हणजे गावकारांमधलं कूळ, विचारा. धर्म बदलला, आडनाव बदललं, वांगड राहिलं.

आडनावावरून ऑनलाइन विकत मिळणारं राजचिन्ह घेऊन भिंतीवर लावणारेही आहेत. पैसे वाचवा. ही चिन्हं ठरावीक घराण्यांची असत, सगळ्या डिसोझांची नव्हेत.

खरी ठेच लागते ती चर्चच्या जुन्या दप्तरात. लिहिणाऱ्यांना घाई फार. 'रॉइझ' असं दिसलं तर ते नवं आडनाव नाही, रॉड्रिग्जचं आखूड रूप आहे. आणि महिने! एका पणजोबांच्या नोंदीत '७ब्रो' वाचून मी दोन दुपारी जुलैची पानं चाळली. तो सप्टेंबर होता. पोर्तुगीजमध्ये सात म्हणजे 'सेत', म्हणून सेतेंब्रोला सातचा आकडा. तसंच ८ब्रो म्हणजे ऑक्टोबर, ९ब्रो नोव्हेंबर.

आणि उलट टोकालाही जाऊ नका, की युरोपीय पूर्वज असूच शकत नाही. गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कने आपल्या पोर्तुगीज सैनिकांना इथल्या बायकांशी लग्न करायला उत्तेजन दिलं होतं. त्यांच्या वंशजांना गोव्यात 'देसेंदेंत' म्हणत. फरक नोंदीत शोधा. नावापुढे 'नातुराल दे' म्हणजे 'अमुक गावचा' असं लिहिलेलं असतं. तिथे गोव्याच्या साष्टीतलं किंवा बार्देशातलं गाव असेल, तर पुढचं पान त्याच चर्चमध्ये उलटायचं. पोर्तुगालमधलं गाव निघालं, तर त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराकडे वळा. तिथल्या चर्चची बरीच जुनी दप्तरं घरबसल्या फुकट पाहता येतात.