हरणासाठी लिव्हर रायफल: निवड, तपासणी आणि नेम

अमेरिकेतल्या दाट रानात व्हाइटटेल हरीण बहुतेकदा 100 यार्डांच्या आतच दिसतं, तेही दोन झाडांमधल्या फटीत, जेमतेम तीन-चार सेकंद. लिव्हर रायफल, म्हणजे चापाखालचा दांडा (लिव्हर) खाली-वर करून काडतूस चढवायची रायफल, त्याच कामाची आहे: आखूड, चपटी, चटकन खांद्याला लागणारी. मोकळ्या माळावर 300 यार्डांवर नेम धरायचा असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका, सरळ बोल्ट रायफल (बाजूची खिट्टी मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची) घ्या. काडतूस मात्र .30-30 (‘थर्टी-थर्टी’) मापाचंच असू द्या. विंचेस्टर 94 या जुन्या लिव्हर रायफलीत ते 1895 पासून चालतंय आणि हरणाला आजही पुरून उरतं.

आधी कागदपत्रं बघा. परवानाधारक दुकानात फॉर्म 4473 (बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म) भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. ग्रीन कार्डवर खरेदी करता येते. एच-1बीसारख्या व्हिसावर मात्र बंदूक घ्यायला मनाई आहे, आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. तेव्हा लायसन्स आधी, रायफल नंतर. राज्याराज्याचे नियम वेगळे असतात, तेही वाचून घ्या.

वापरलेली मार्लिन 336 ही लिव्हर रायफल चांगल्या स्थितीत मिळाली तर तीच घ्यावी. तिची रिकामी पुंगळी बाजूने पडते, म्हणून वर स्कोप (नेमाची दुर्बीण) नीट बसतो. जुन्या विंचेस्टर 94 ची पुंगळी सरळ वर उडते. तिच्यावर पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची साइट) बरी. नळीवर ‘जेएम’ ठसा (मार्लिनच्या जुन्या कारखान्याची खूण) असलेल्या मार्लिनला लोक जास्त पैसे मोजतात, पण ठशापेक्षा आतली झीज महत्त्वाची.

हातात घेतल्याबरोबर लिव्हर उघडा आणि चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) व मॅगझिन (नळीखालचा काडतुसांचा साठा) दोन्ही रिकामी असल्याची खात्री करा. मग मागचा घोडा पूर्ण ताणून अंगठ्याने पुढे ढकला. तो सुटून पडला तर रायफल तिथेच परत द्या. हाफ-कॉकवर (घोडा अर्धा ताणून अडकतो त्या खाचेवर) ठेवून चाप ओढला तरी घोडा पडता कामा नये. नळीच्या तोंडाची कड खरचटलेली नको, कारण गोळी शेवटी सुटते ती तिथूनच. मग पाच-सहा डमी (बिनदारूची) काडतुसं भरून सगळी लिव्हरने फिरवून बघा. मार्लिनमध्ये लिव्हरच्या टोकाची धार कॅरियरला (काडतूस चेंबरपाशी उचलणाऱ्या पट्टीला) खाच पाडते, आणि पुढचं काडतूस अर्धवट आत शिरून सगळं अडकतं. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, डमी फिरवल्यावरच कळतो.

गोळ्या घेताना एक चूक जीवावर बेतू शकते. नळीसारख्या मॅगझिनमध्ये मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीवर) टेकलेलं असतं. टोक कडक आणि अणकुचीदार असेल तर धक्क्याने आतल्या आतच बार उडू शकतो. म्हणून चपट्या नाकाची 150 किंवा 170 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी, नाहीतर हॉर्नाडीची मऊ टोकाची लेव्हरेव्होल्यूशन वापरा.

रेंजवर कानात संरक्षण घालून आधी 25 यार्डांवर गोळी कागदी निशाणावर पडते ना ते बघा, मग 100 वर नेम जुळवा. साइट जुळवताना मागची साइट त्याच दिशेला सरकवा जिकडे गोळी जायला हवी. पुढचं लाकूड वाळूच्या पिशवीवर टेका, नळी टेकू नका. नळी टेकली की गोळी जागा बदलते. 100 वर बरोबर बसलेली गोळी 200 वर साधारण 8 इंच खाली जाते, म्हणून 150 पलीकडे नेम धरूच नका.

नवशिक्यांचं सगळ्यात जास्त बिघडतं ते लिव्हरवर. घाईत ती अर्ध्यावरूनच परत ओढली की पुंगळी पूर्ण बाहेर पडत नाही, नवं काडतूस तिरकं उभं राहतं. खाली थेट शेवटपर्यंत, तेवढ्याच जोरात वर, आणि रायफल खांद्यावरून न हलवता. बंद झाल्यावर लिव्हर मुठीत घट्ट दाबलेली हवी. ती सैल राहिली तर चाप चालत नाही, आणि समोर हरीण उभं असताना याचा उलगडा होत नाही. घरी डमीवर रोज 20 वेळा करा.

रानात काडतूस चेंबरमध्ये असताना घोडा हाफ-कॉकवर ठेवा. ताणलेला घोडा खाली आणताना तोंड सुरक्षित दिशेला असू द्या, अंगठ्याने घोडा धरा, मग चाप दाबा, आणि घोडा जरासा पुढे सरकताच बोट चापावरून काढा. थंडीत जाड हातमोजा असेल तर तो आधी काढा, अंगठा निसटतो तो तिथेच. स्कोप खाली बसवला असेल तर अंगठ्याला जागाच उरत नाही. घोड्याला बाजूला जोडायचा छोटा दांडा मिळतो, तो लावून घ्या.

हरीण आडवं उभं राहू द्या. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. बार झाल्यावर लगेच दुसरं काडतूस चढवा, हरीण कुठे उभं होतं ती जागा डोळ्यांत धरा, आणि पडलेलं दिसलं नाही तर अर्धा तास थांबून रक्ताचा माग काढा.