कमी खर्चातील घरगुती सीएनसी यंत्राचा आराखडा

घरी सीएनसी यंत्र (संगणकाच्या आज्ञेनुसार टूल चालवून कापणारे यंत्र) बनवायला घेणारे बहुतेकजण आधी मोटर आणि कंट्रोलर विकत घेतात आणि सांगाड्याचा विचार शेवटी, उरलेल्या पैशांत करतात. हा क्रम उलटा असायला हवा. कंट्रोलर, ड्रायव्हर (मोटरला वीज देणारे सर्किट), सॉफ्टवेअर यांपैकी काहीही वर्षभराने बदलता येते. परंतु सांगाडा लवत असेल, तर यंत्र पुन्हा पहिल्यापासूनच बांधावे लागते. कोल्हापूरकरांना याबाबतीत मोठी सोय आहे. इतर शहरांतील हौशी माणसाला जे सर्वांत अवघड जाते, म्हणजे जाड पोलाद वेल्ड करून त्याचे पृष्ठभाग अचूक मिलिंग करून घेणे, ते शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथे रोजचे काम आहे. म्हणून येथे स्वस्त यंत्राचा आराखडा करताना सांगाडा स्थानिक कारागिरीतून आणि इलेक्ट्रॉनिक्स साधे, अशीच विभागणी ठेवावी.

प्रथम यंत्राचे काम ठरवावे. या लेखात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा घेण्यासाठीचे नमुने), ॲक्रिलिकच्या नावाच्या पाट्या आणि ॲल्युमिनियमच्या प्लेटवर हलके कट एवढ्या कामांसाठी ४०० × ३०० मिमी कार्यक्षेत्राचे आणि १०० मिमी उंचीच्या हालचालीचे यंत्र गृहीत धरले आहे. पोलाद कापण्याची अपेक्षा या खर्चात ठेवू नये. बेड (ज्यावर काम बांधतात ते टेबल) जितका मोठा तितका चांगला, हा समजही सोडून द्यावा, कारण दोन आधारांमधील अंतर दुप्पट केले की तेवढ्याच बलाने होणारी लवण (वाकणे) आठपट होते.

ही लवण कागदावर काढता येते आणि खरेदीपूर्वी ती काढलीच पाहिजे. दोन्ही टोकांना टेकवलेल्या दांड्याच्या मध्यावर बल लावल्यास लवण म्हणजे बल गुणिले लांबीचा घन, भागिले ४८ गुणिले पदार्थाचा स्थितिस्थापकता गुणांक गुणिले छेदाचा जडत्व आघूर्ण (छेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो याचे माप). पोलादाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो. ६०० मिमी लांबीचा, १२ मिमी व्यासाचा भरीव गोल दांडा घेतला आणि मध्यावर ५० न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलो वजनाइतके बल लावले, तर तो सुमारे १.१ मिमी लवतो. त्याच लांबीचा ५० × ५० मिमीचा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप तेवढ्याच बलाखाली सुमारे ०.००५ मिमी लवतो. पाइपचे वजन दांड्याच्या पाचपट भरते, पण ताठपणा दोनशेपट मिळतो, आणि असा पाइप लोखंडाच्या कोणत्याही दुकानात किलोवर मिळतो. केवळ टोकांना पकडलेल्या गोल दांड्यांवर चालणारी तयार किट स्वस्त वाटतात खरी, पण ॲल्युमिनियमवर टूल टेकताच ती का थरथरतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

रचनेचे दोन प्रकार आहेत: बेड स्थिर ठेवून गॅन्ट्री (बेडवरून आडवी जाणारी, टूल धरणारी कमान) हलवणे, किंवा गॅन्ट्री जागेवर पक्की करून बेड हलवणे. दुसऱ्या प्रकारात यंत्र टेबलावर जास्त जागा खाते, कारण बेडला पुढे-मागे सरकायला त्याच्या हालचालीइतकी मोकळी जागा लागते. परंतु या आकाराच्या यंत्रासाठी माझी पसंती त्यालाच आहे. स्थिर गॅन्ट्रीला वाटेल तेवढी जड करता येते, दोन्ही बाजूंचे खांब पायाला वेल्ड करता येतात आणि त्या दिशेला एकच स्क्रू पुरतो. टूल गॅन्ट्रीच्या खाली लोंबत असल्याने कापताना गॅन्ट्री नुसती लवत नाही, तर पिळली जाते. उघड्या चॅनलला हा पीळ सहन होत नाही, म्हणून तेथे बंद छेदाचा पाइपच वापरावा. १०० × ५० मिमीचा, ४ मिमी जाडीचा पाइप उभा बसवल्यास तो या कामाला भरपूर होतो आणि त्यावरील दोन रेलमध्ये (सरकणारे भाग ज्यांवरून चालतात त्या पोलादी रुळांमध्ये) चांगले अंतरही मिळते.

आता सांगाड्याकडे येऊ. वेल्डिंगने फ्रेम खेचते, ही गोष्ट गृहीत धरूनच आराखडा करावा. पाइपच्या भिंतीवर रेल थेट बसवू नये. जेथे रेल बसणार आहे तेथे १२ मिमी जाडीची पोलादी पट्टी वेल्ड करावी, म्हणजे मिलिंगमध्ये दीड-दोन मिलिमीटर निघून गेले तरी आटे पाडायला पुरेसे धातू उरते. सांधे आधी सर्व बाजूंनी टाके मारून धरावेत, कर्ण मोजून फ्रेम गुण्यात आहे याची खात्री करावी आणि मगच आलटून-पालटून, समोरासमोरच्या बाजूंनी छोटे छोटे वेल्ड भरावेत. शक्य असल्यास फ्रेम हीट ट्रीटमेंटला देऊन तिच्यातील ताण काढून घ्यावा. त्यासाठी ती साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून भट्टीतच हळूहळू थंड करतात. हे मिलिंगच्या आधी व्हायला हवे, नाहीतर अचूक केलेले पृष्ठभाग नंतर हलतात.

वर्कशॉपमध्ये फ्रेम देताना तोंडी सूचनेवर काम सोपवू नये. कागदावर आकृती काढून त्यावर दोन गोष्टी ठळक लिहाव्यात: दोन्ही रेलपट्ट्या एकाच सेटिंगमध्ये मिल कराव्यात आणि त्यांच्या पातळीतील फरक ०.०५ मिमीच्या आत असावा. एक पट्टी करून फ्रेम उचलली आणि पुन्हा बांधून दुसरी केली, तर दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या सपाट होतात, पण एकमेकींशी समपातळीत राहतीलच असे नाही. त्याच सेटिंगमध्ये एका पट्टीच्या कडेला रेल टेकवण्यासाठी अर्ध्या मिलिमीटरचा खांदाही काढून मागावा. या खांद्यामुळे पुढे जुळवणीचे काम बरेच सोपे होते.

१५ मिमीच्या चौकोनी लिनिअर रेल या यंत्राला पुरेशा आहेत. त्यांच्या भोकांतील अंतर सहसा ६० मिमी असते आणि स्क्रू एम ४ चे लागतात. बसवण्यापूर्वी पट्टीवर बारीक तेलदगड फिरवावा, कारण डोळ्यांना न दिसणारी एक बर (कापताना राहिलेली धातूची बारीक कड) रेलला उचलून धरते. पहिली रेल खांद्याला घट्ट दाबून, मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांकडे जात पक्की करावी. दुसऱ्या रेलचे स्क्रू नुसते टेकवून ठेवावेत. पहिल्या रेलवर सरकणाऱ्या ब्लॉकवर डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) बसवावे, त्याचे टोक दुसऱ्या रेलच्या बाजूला टेकवावे, आणि ब्लॉक सरकवत, काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलणार नाही अशा रीतीने रेल हलक्या हाताने ठोकत एकेक स्क्रू आवळावा. या कामाला अर्धा दिवस लागला तरी तो सत्कारणी लागतो. शेवटी बेड बसवून तो हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलून पाहावा. कोठेही जड लागला, तर मोटर जोडण्याआधीच ते कारण शोधावे.

हालचालीसाठी १६ मिमी व्यासाचा आणि ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात नट जेवढा सरकतो ते अंतर) बॉल स्क्रू घ्यावा. साधा टी ८ लीड स्क्रू पाट्यांच्या कामाला चालतो, पण त्याच्या नटातील प्ले (मोकळी हालचाल) झिजेबरोबर वाढत जातो. स्क्रूचे एक टोक जोड-बेअरिंगमध्ये पक्के धरावे आणि दुसरे लांबीच्या दिशेने मोकळे ठेवावे, म्हणजे तापून वाढलेल्या स्क्रूला जागा मिळते. मोटरच्या बाबतीत मोठी ती चांगली असे नसते. या स्क्रूवर १ न्यूटन-मीटर टॉर्कमधून सैद्धांतिकदृष्ट्या ११०० न्यूटनपेक्षा जास्त रेटा मिळतो. वेग वाढल्यावर टॉर्क चौथ्या हिश्शावर आला तरी लाकूड आणि ॲल्युमिनियमला तो पुरतो. म्हणून सव्वा न्यूटन-मीटरच्या आसपासची नेमा २३ मापाची स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी), चार अँपिअर पेलणारा डिजिटल ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा पुरवठा ही जोडी योग्य ठरते.

कंट्रोलर म्हणून आर्डुइनो ऊनोवर चालणारे जीआरबीएल हे मुक्त फर्मवेअर पुरेसे आहे. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावले, ड्रायव्हरवर आठचे मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे आठ भाग) आणि ५ मिमी लीड, म्हणजे दर मिलिमीटरला ३२० पावले होतात. हा आकडा १००, १०१ आणि १०२ क्रमांकाच्या सेटिंगमध्ये भरावा. जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० पावले देऊ शकते, त्यामुळे वेगाची कमाल मर्यादा मिनिटाला सुमारे ५,६०० मिमी येते. सेटिंगमध्ये प्रारंभी २,५०० च ठेवावेत.

होमिंग स्विच (यंत्राला त्याची ठरलेली मूळ जागा दाखवणारे) वगळण्याचा मोह टाळावा. मधेच वीज गेली की स्टेपर मोटरला आपली जागा माहीत नसते. स्विच असतील, तर वीज आल्यावर यंत्र होम करून (मूळ जागेवर नेऊन) कंट्रोलरच्या जी ५४ या नोंदीत जतन झालेला कामाचा शून्यबिंदू पुन्हा मिळतो आणि अर्धा झालेला पॅटर्न वाया जात नाही. वीज चालू असताना मोटरची वायर काढू नये, ड्रायव्हर जळू शकतो. आपत्कालीन बटण कंट्रोलरला नुसता संदेश देणारे नसावे. त्याने मोटर आणि स्पिंडल (टूल फिरवणारा भाग) यांचा वीजपुरवठाच तोडला पाहिजे. सांगाड्याला अर्थिंग अनिवार्य आहे.

स्पिंडलसाठी सुरुवातीला सुतारकामाचा लहान ट्रिमर चालतो. पुढे ८०० वॅटचा, पाण्याने थंड होणारा स्पिंडल घेतल्यास त्याच्या व्हीएफडीची (वेग बदलणाऱ्या उपकरणाची) केबल शील्ड असलेली घ्यावी आणि स्विचच्या वायरपासून दूर न्यावी.

यंत्र जुळल्यावर अचूकता तपासावी. टूलऐवजी बारीक ड्रिल लावून ३६० × २७० मिमी आयताच्या चार कोपऱ्यांवर भोके पाडावीत. दोन्ही कर्ण ४५० मिमी भरले पाहिजेत. कर्णांमध्ये ०.४ मिमीचा फरक आला, तर ३६० मिमीच्या बाजूवर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर तिरपेपणा आहे असे समजावे आणि गॅन्ट्रीवरील रेल सैल करून एका टोकाखाली पातळ पत्रा घालून तो काढावा. स्पिंडल बेडला लंब आहे का, हे स्पिंडलला आडवा हात बांधून त्यावरील डायल गोल फिरवून कळते.

पहिला कट लाकडावर घ्यावा. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) म्हणजे मिनिटाचे फेरे गुणिले टूलच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने काढायची जाडी: १८,००० फेरे, दोन धारा आणि ०.०५ मिमी धरल्यास मिनिटाला १,८०० मिमी. फीड भीतीपोटी फार कमी ठेवल्यास टूल कापण्याऐवजी घासते, चिप्सच्या जागी पीठ पडते आणि धार जळते. एमडीएफची (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीची) धूळ फुप्फुसांना घातक असल्याने मास्क आणि धूळ ओढणारी नळी सुरुवातीपासून वापरावी.

पॅटर्नसाठी कास्टिंगचे आकुंचन प्रोग्राममध्येच द्यावे. बिडासाठी ते साधारण एक टक्का धरतात, म्हणजे ३०० मिमीच्या जागी ३०३ मिमी. मात्र ज्या पृष्ठभागांवर मशीनिंग होणार आहे, त्यांची वाढीव जाडी वेगळी मोजावी आणि फौंड्रीतील पॅटर्नमेकरला ड्रॉइंग दाखवून बाजूंना उतार (पॅटर्न साच्यातून सहज निघावा म्हणून) किती हवा ते विचारूनच टूल निवडावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्या रेलवर आठवड्याभरातच तांबूस डाग दिसू लागतात, तेव्हा जून ते सप्टेंबर काम नसले तरी तेलाचे फडके रेल व स्क्रूवर फिरवावे, आणि बेडवरील एमडीएफचा थर ओल धरून फुगत असल्याने तो पावसाळा संपल्यावर यंत्रावरच पुन्हा सपाट करून घ्यावा.